ग म भ न

२ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ. दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते, तोच शाळेतल्या एक बाई दारात उभ्या. उद्या सावित्रीबाई फुल्यांची जयंती, हा दिवस यापुढे राज्यात महिला शिक्षक दिन म्हणून पाळायचा असा हैदराबादहून आदेश निघालाय, आणि हातात एक रात्र आहे. "तुम्ही महाराष्ट्रातल्या, बी. ए. झालेल्या, लिहिता-बिहिता. दहा मिनिटं बोला. तुम्ही मराठीत बोला, मी तेलुगूत सांगेन."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला काय कारण होतं? सावित्रीबाईंवर दहा मिनिटं कोणीही बोलू शकतं. शेणाचे गोळे, जादा लुगडं, भिडे वाडा, प्लेग. आपल्याकडे सहावीतल्या मुलीसुद्धा हे घडाघडा म्हणतात.

माझं माहेर कारंजा लाडचं. तिथल्या आश्रमाचं आणि मंदिरांचं नाव आपल्या समाजातल्या बायकांना सांगायला नको. १९९२ साली लग्न होऊन तलमडुगूला आले तेव्हा हे आंध्र प्रदेशात होतं. सासूबाई सांगायच्या, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा जुनी माणसं अजून निजामाच्या गोष्टी करायची. १९५६ साली भाषेवर राज्यं आखली गेली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका उचलून मराठी मुलखाला जोडला आणि आम्ही इकडे राहिलो. आमच्या घरात मराठी, बाजारात तेलुगू, दोन्ही मिळून जे तयार होतं ते दुकानात. मला तेलुगू बोलता येतं, गिऱ्हाइकापुरतं. वाचता येत नाही. तेहतीस वर्षं झाली, बसची पाटी मी अजून रंगावरून आणि शेजारच्या बाईला विचारून ओळखते. ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही. इथे सांगते आहे कारण पुढे ती लागणार आहे.

रात्री ह्यांना सांगितलं आणि कपाटातून डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' काढलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं आहे. नांदेडला पुस्तकांच्या प्रदर्शनात स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं होतं आणि खरं सांगायचं तर अर्धंच वाचलं होतं. पहिल्या पानावर माझं नाव नि तारीख, मध्ये सुकलेलं पिंपळपान, आणि पान जिथे होतं त्याच्या पुढचं सगळं कोरं करकरीत.

बी. ए.ला माझा विषय मराठी वाङ्मय. आम्हाला शिकवलं की आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत. त्यात वाद घालावा इतकी माझी विद्वत्ता नाही. पण केशवसुतांचा जन्म १८६६ चा, आणि सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ सालचा. म्हणजे केशवसुत जन्मायच्या बारा वर्षं आधी एका माळ्याच्या घरातल्या तेवीस वर्षांच्या बाईची कवितांची वही छापून झाली होती. तीन वर्षांच्या बी. ए.त या वहीचं नावसुद्धा माझ्या कानावर पडलं नाही. सावित्रीबाई आम्हाला भेटल्या त्या शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीत, कपाळावर आडवी चिरी लावलेल्या. त्या कविता लिहीत, जाईच्या नि चाफ्याच्या फुलावर लिहीत, तशाच शूद्र-अतिशूद्रांच्या अडाणीपणावर चिडून लिहीत, हे मला चाळिशीनंतर समजलं.

आणखी एक गोष्ट. आपण त्यांना फार गरीब, फार दीनवाणं समजतो. तसं नव्हतं. साताऱ्याकडच्या नायगावचे खंडोजी नेवसे पाटील यांची ती लेक. ३ जानेवारी १८३१ चा जन्म. नवव्या वर्षी, १८४० साली, तेरा वर्षांच्या जोतिरावांशी लग्न. फुल्यांचं पुण्यात फुलांचं काम, मळा, खाऊन-पिऊन सुखी घर. जातीच्या उतरंडीत खालच्या, पण घरात दाण्याला तोटा नाही. म्हणजे त्या बाईजवळ गमवायला घर होतं. १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि लोक बोलायला लागल्यावर सासऱ्यांनी, गोविंदरावांनी, मुलाला नि सुनेला सांगितलं की शाळा तरी सोडा नाही तर घर. ते घर सोडून गेले. उस्मान शेख यांनी आसरा दिला, आणि त्याच घरातल्या फातिमाबी पुढे शाळेच्या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या.

रस्त्यावर अंगावर पडलेल्या शेणाबद्दल आपण सगळे बोलतो. मला स्वतःला त्या रात्री वाटलं, शेण पुसता येतं, जादा लुगडं पिशवीत ठेवता येतं. सासऱ्याने अंगणात उभं राहून घर किंवा शाळा म्हणणं, त्याला पिशवीत काय ठेवणार? कुठल्याही सुनेला विचारा.

मग मी पत्रांवर आले. सावित्रीबाईंनी जोतिबांना लिहिलेली तीन पत्रं त्या पुस्तकात आहेत. १८५६ च्या ऑक्टोबरातलं पहिलं. त्या आजारी पडून माहेरी, नायगावला आल्या आहेत. भाऊ सेवा करतो आहे. पुण्यात सगळा भार एकट्या फातिमावर पडला असेल याची काळजी त्या करतात. आणि मग लिहितात की भावाशी बोलणं झालं. भाऊ म्हणतो, तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी जे करता ते आपल्या कुळाला शोभत नाही, जातीने वाळीत टाकलंय, आता तरी रीतीने वागा. त्यावर सावित्रीबाई त्याला जे उत्तर देतात त्याचा मथितार्थ असा, की तू गाय-शेळीला जवळ घेऊन कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि महार-मांग तुझ्यासारखी माणसं असून त्यांचा तुला विटाळ होतो. का ते सांग.

इथे मी पुस्तक मिटलं.

आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणी जैन घरातल्या आहेत, म्हणून मला फार फोड करून सांगायला नको. आमच्या घरात पाणी गाळून प्यायचं, आणि गाळण्यात जी जीवाणी राहते ती हलक्या हाताने परत त्याच विहिरीत सोडायची, म्हणजे डोळ्याला न दिसणारा जीवसुद्धा आपल्या घरी परत जावा. सासूबाईंनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट ही. विहिरीत दोर सोडताना भांडं आपटू द्यायचं नाही. नळ आले, विहीर बुजली, तरी गाळणं राहिलं. अंगणाच्या कोपऱ्यात मुंग्यांच्या वारुळापाशी पिठीसाखर. चातुर्मासात कंदमुळं नाहीत, रात्री दिवा लावला की त्यावर जाळी, पतंग पडू नये म्हणून. हे सगळं मी मनापासून केलं आणि आजही करते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

त्याच अंगणात, न्हाणीच्या भिंतीवर, एक पितळी पेला पालथा घातलेला असायचा. तो कामाला येणाऱ्या बायांसाठी. त्यांनी पेला पुढे करायचा, आपण वरून पाणी ओतायचं. त्याबद्दल मला कोणी काही शिकवलं नाही. शिकवावं लागलं नाही, माहेरीही तसाच पेला होता.

१९९६ ची गोष्ट. आमच्याकडे तूर निवडायला, पाखडायला एक मांगाची बाई येत असे. बरोबर तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी, कडेवर तान्हा भाऊ. शाळेत का जात नाहीस विचारलं तर म्हणाली, "याले कोण पाह्यल?" आमच्या भागात तेव्हा सरकारी शाळांतून मराठीचे वर्ग होते, शाळा हाकेच्या अंतरावर होती, पण भाऊ कडेवर होता. मी नवी-जुनी सून, दुपार रिकामी. बी. एड. करायचं राहून गेलेलं. मामंजींनी नको म्हटलं नव्हतं, फक्त "कशाला?" म्हटलं होतं. तेवढ्याने राहिलं. तर त्या मुलीला मी पाटी दिली. ओसरीच्या पायरीवर ती, वर मी. ग म भ न. मुलगी तल्लख होती. एकदा काढून दिलेलं अक्षर दुसऱ्यांदा विचारायची नाही. भाऊ रडला की त्याला मांडीवर थोपटत थोपटत दुसऱ्या हाताने गिरवायची. खडू बोटाएवढा झाला तरी टाकायची नाही, चिंधीत बांधून न्यायची.

महिना-सव्वा महिना झाला असेल. भाद्रपद आला, दशलक्षण पर्व सुरू झालं. घरात पाहुणे, उपास, पूजा. नात्यातल्या एक वयस्क बाई मुक्कामाला होत्या, त्यांचा दहा दिवसांचा कडक नेम. दुपारी सगळी आत, मी ओसरीवर नव्हते. मुलीला तहान लागली. भाऊ कडेवर, पेल्यात ओतायला कोणी नाही. ती स्वयंपाकघरापर्यंत आली आणि घडवंचीवरच्या हंड्यात हात घालून पाणी घेतलं. हंड्याच्या तोंडावर गाळणं बांधलेलं होतं, ते तिने नीट बाजूला केलं होतं. पडूसुद्धा दिलं नव्हतं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. आरडाओरडा फार झाला नाही. आपल्याकडे होत नाही. हंडे रिकामे केले, मडकं फेकलं, गाळणं उकळत्या पाण्यात टाकलं. त्या पाहुण्याबाई एवढंच म्हणाल्या, "शिकवायचं तर अंगणात शिकवावं गं, घर दाखवू नये." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मुलगी तोवर पळून गेली होती, पाटी पायरीवर.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली तेव्हा मी तिला म्हटलं, "पर्व आहे, थोडे दिवस तिला नको आणूस." ती "बरं वैनी" म्हणाली.

ते थोडे दिवस संपले नाहीत. नीट लक्षात घ्या, मला कोणी बंदी केली नव्हती. सासूबाईंनी नाही, ह्यांनी तर विषयही काढला नाही. पर्व झालं, पाहुणे गेले, आश्विन लागला, तुरीची कामं पुन्हा सुरू झाली. मी फक्त "आता आण तिला" असं म्हणायचं होतं. ते म्हटलं नाही. आधी संकोच होता, मग उशीर झाला होता, मग मला दिवस राहिले, मग विसरले. जोतिबा-सावित्रीबाईंनी घर सोडलं. मला घर सोडायला कोणी सांगितलंच नव्हतं. एका वाक्यावर माझी शाळा बंद पडली, आणि ते वाक्यही माझंच.

पर्वाच्या शेवटी आपण क्षमावाणी करतो. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा करा. त्या वर्षीही केली. जावांना, नणंदांना, त्या पाहुण्याबाईंच्या पाया पडून. पुढे फोन आले तेव्हा फोनवर, आता व्हॉट्सॲपवर, हात जोडलेल्या चित्रासकट पन्नास जणांना एकदम. इतक्या वर्षांत त्या घराकडे माझी क्षमावाणी एकदाही गेली नाही. जायला हवी हे सुचलंही नाही, हे जास्त खरं.

ती रात्र मी नीट झोपले नाही. तरी सकाळी छान साडी नेसून गेले, माणूस असाच असतो.

शाळेत तसबिरीला हार, नारळ, मुलींची गाणी. सरकारी आदेशातलं काही हेडमास्तरांनी वाचून दाखवलं, मला अर्धं कळलं. मग मी बोलले. मी काय बोलले? शेण, लुगडं, भिडे वाडा. पण थोडं वेगळंही बोलले. त्यांच्या शाळेत मुक्ता नावाची मांगाची मुलगी शिकत होती, तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तीन वर्षं शिकलेल्या पोरीचा तो निबंध. हे मी सांगितलं तेव्हा शिक्षकबाई तेलुगूत उलथा करताना दोन वेळा थांबल्या, वय किती, वर्ष किती विचारलं. १८६८ चं पत्र सांगितलं, नायगावचंच. एक ब्राह्मण तरुण आणि महाराची मुलगी यांचं प्रेम, तिला दिवस गेलेले, आणि गावकरी दोघांना मारायला निघालेले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला, आणि त्या दोघांना पुण्याला जोतिबांकडे पाठवलं. कवयित्री असलेली बाई गर्दीत घुसते, मला त्या पत्रातलं हे फार आवडतं. तिसरं पत्र १८७७ चं, जुन्नरजवळच्या ओतूरचं, दुष्काळातलं. ते वेळेअभावी सोडलं. जोतिबा २८ नोव्हेंबर १८९० ला गेले तेव्हा दत्तक मुलाच्या, यशवंतच्या हक्कावरून भाऊबंदांनी तंटा मांडला, तर सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात धरलं नि प्रेतापुढे चालल्या. मग १८९७ चा प्लेग. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन त्या यशवंतच्या दवाखान्यात आल्या, आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. सहासष्ट वर्षांची बाई, पाठीवर पोर.

१८५६ चं पत्र मी सांगितलं नाही. नागाचं दूध नि महार-मांग, ते वाक्य ओठावर आलं होतं. पण शाळेच्या मागच्या दारात, ताटांच्या चळतीपाशी, ती उभी होती.

तीच मुलगी. आता अडतीसची असेल. शाळेत मध्यान्ह भोजनाचा स्वयंपाक करते. मला माहीत होतं ती तिथे आहे ते. गाव केवढं, रोज दिसते. सोळाव्या वर्षी लग्न होऊन गेली, नवरा पिऊन पिऊन वारला, तीन लेकरं घेऊन परत आली. रस्त्यात भेटली की हसते, मी हसते. तिचं नाव मी लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. मी मुक्ताबद्दल बोलत होते तेव्हा ती पदराला हात पुसत ऐकत होती. भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या. तिनेही वाजवल्या.

चहा झाला, मी चपला शोधत होते, तर ती जवळ आली. "वैनी, चांगलं बोलल्या." मग जरा थांबून, हसून म्हणाली, "मले ग म भ न येते अजून. त्याच्या म्होरं नाही आलं."

टोमणा नव्हता. टोमणा मला ओळखता येतो, बायकांच्या घरात वाढले आहे. ती खरंच आनंदाने सांगत होती, की बघा, विसरले नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "बरं बरं" एवढंच म्हटलं. तेवढ्यात तिला आतून कोणी हाक मारली, सांबार लागत होतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला, "कोण, ती पाणी प्यायलेली?" म्हणाले. म्हणजे ह्यांनाही आठवत होतं. एकोणतीस वर्षं आम्ही दोघांनी ते आपापल्या खिशात ठेवलं होतं.

रविवारी संध्याकाळी ती घरी आली. बरोबर धाकटी मुलगी, चौथीतली, दोन वेण्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ओसरीच्या पायरीशी थांबल्या. सवयीने. मी म्हटलं, आत या. मुलगी चटकन आत आली, आई पायरीवरच बसली, म्हणाली इथंच बरं वाटते, वारा लागते. मी जबरदस्ती केली नाही. मीच खाली सतरंजी टाकून बसले. आपल्या बाजूने एखादी गोष्ट सोपी झाली म्हणून समोरच्याच्या बाजूनेही लगेच व्हावी हा हट्ट मला बरोबर वाटत नाही.

काम असं होतं, की पाचवीसाठी गुरुकुल शाळांची प्रवेशपरीक्षा असते. राहणं-जेवण-शिक्षण सगळं सरकारी, इंग्रजी माध्यम. मागासवर्गीयांच्या गुरुकुलांना इथे महात्मा ज्योतिबा फुल्यांचंच नाव आहे. पोरगी हुशार आहे असं बाईंनी सांगितलं, फॉर्म भरायचा, कागद कोणते लागतात याची यादी शाळेतून मिळाली, ती तेलुगूत. "मले तं वाचता येत नाही. तुम्ही बी. ए. हाय ना, पाहा बरं."

मी यादी हातात घेतली. गोल गोल अक्षरं. उलटसुलट करून पाहिली, चष्मा लावला, जणू चष्म्याचा प्रश्न आहे. मग म्हटलं, "मलाही नाही येत गं तेलुगू वाचता."

तिला आधी पटेना. मग ती इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. मुलीने आमच्या दोघींकडे पाहिलं, यादी माझ्या हातातून काढून घेतली आणि घडाघडा वाचायला लागली. कुल धृवीकरण, आदाय धृवीकरण. ती एक एक वाचायची, जिथे अडायचं तिथे मला तेलुगूत विचारायची, मला शब्द कानाने कळायचा, मी मराठीत सांगायची, आणि ह्यांच्या दुकानाच्या वहीच्या पाठीवर मराठीत लिहून घ्यायची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो, जन्माचा दाखला. तीन पिढ्यांच्या आम्ही तिघी मिळून एक कागद वाचत होतो.

मध्येच मुलगी म्हणाली, "आजी, पाणी." मी उठायच्या आत ती स्वयंपाकघराकडे गेलेलीसुद्धा. तिची आई एकदम अर्धी उठली, "ए पोरी!" म्हणाली. आवाजात जे होतं ते मी ओळखलं. आतून सासूबाईंचा आवाज आला. वय वर्षं ८४, कान शाबूत. "कोण आहे गं?" मुलीने आपल्या शाळेतल्या आवाजात नाव, वर्ग, तुकडी सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "माठ डावीकडे आहे. झाकण परत नीट लाव." नंतर थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग माठावर झाकण बसल्याचा आवाज.

ती पायरीवर परत बसली. मी तिच्याकडे न पाहता, वहीवर रेघ ओढत म्हटलं, "त्या वेळी मी तुला परत बोलवायला पाहिजे होतं." तिने लगेच उत्तर दिलं नाही. मुलीची पिशवी उचलली, त्यातले कागद पुन्हा सारखे केले. मग म्हणाली, "आई म्हने, वैनी बलावतील. मी पाटी धुऊन ठेवली होती."

पाटी आमच्याच पायरीवर राहिली होती. तिने दुसरी कुठून मिळवली असेल ते मी विचारलं नाही.

पुढे कामाचं बोललो. अडचण निघाली. आधारवर मुलीच्या नावाचं स्पेलिंग एक, जन्मदाखल्यावर दुसरं. फॉर्म नाकारतील. दुरुस्तीला आदिलाबादला जावं लागेल, आणि तिला शाळेचा स्वयंपाक टाकून दिवसभर जाता येत नाही, रोज बुडतो. मुलगी एकटी जाण्याएवढी मोठी नाही. मी म्हटलं, मी नेते. ह्यांनी दुकानातून ओरडून सांगितलं की सोमवारी तिथे गर्दी असते, सकाळच्या पहिल्याच गाडीने निघा. बसची पाटी कोण वाचणार, असं मी विचारलं, तर मुलीने हात वर केला, वर्गात करतात तसा.